महाकाय यंत्रमानव चालूं शकेल काय?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. बाहेर संततधार लागली होती, खेळाचा तास बुडाला होता, आणि नववीच्या वर्गांतील मुलें एका चित्राभोंवतीं गोळा झालीं होतीं. चित्रांत समुद्राच्या पाण्यांत उभा असलेला एक पोलादी राक्षस दाखविला होता. त्याच्या मस्तकांत बसून दोन माणसें त्याला चालवीत होतीं. वर्गांत दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणे कीं, माणूस चंद्रावर जाऊन आला, तेव्हां असला यंत्रमानवहि आज ना उद्यां होणारच. दुसरा म्हणे कीं, हीं सारीं सिनेमावाल्यांचीं थोतांडें आहेत. निवाड्यासाठीं चित्र आमच्यापुढें आलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं फारसा विचार न करतां निकाल देऊन टाकला: "अशक्य! एवढें धूड दोन पायांवर उभेंच राहणार नाहीं."

तेव्हां मागल्या बांकावरील एक मुलगा, जो सहसा तोंड उघडीत नाहीं, उठून म्हणाला, "सर, मग डायनोसॉर कसे चालत होते?"

आमच्यापाशीं त्या क्षणीं उत्तर नव्हतें. घंटा झाली म्हणून आम्ही सुटलों. पण शिक्षकानें 'अशक्य' हा शब्द कारण सांगितल्यावांचून उच्चारावा हें बरें नव्हे, ही टोंचणी मनास लागून राहिली. त्या मुलाचें देणें ह्या लेखानें फेडावें असा आमचा विचार आहे; आणि इतर विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांनींहि तो वाचावा अशी इच्छा आहे.

प्रथम ही कल्पना आली कोठून तें पाहूं. 'रोबॉट' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक ह्याच्या १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आर. यू. आर.' नामक नाटकामुळें जगभर पसरला. शब्द सुचविला तो त्याच्या भावानें, योसेफनें. चेक भाषेंत 'रोबोता' म्हणजे वेठ, तेव्हां रोबॉट म्हणजे वेठबिगारीच म्हणा ना! परंतु चापेकचे हे वेठबिगारी माणसाएवढेच होते. प्रचंड धातुपुरुषाची कल्पना त्याहून फार जुनी आहे. ग्रीक पुराणकथांतील तालोस हा कांशाचा राक्षस क्रीट बेटाभोंवतीं फेऱ्या घालून परक्या जहाजांवर धोंडे फेंकीत असे. त्याच्या अंगांत एकच शीर होती, आणि घोट्यापाशीं ती फुटतांच तो कोसळला. राक्षसाचें मर्म त्याच्या घोट्याशीं असावें हें त्या प्राचीन कथाकारांस कसें सुचलें कोण जाणे. पुढें पाहूं कीं, तें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें.

नव्या काळांत फ्रेंच कादंबरीकार ज्यूल्स व्हर्न ह्यानें १८८० सालीं वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती कल्पिला. हा हत्ती दोन फिरतीं घरें ओढीत उत्तर हिंदुस्थानांतून प्रवास करतो, आणि त्याच कथेंत नानासाहेब पेशव्यांचें पात्रहि येतें. म्हणून मराठी वाचकास ती अगदींच परकी वाटूं नये. (व्हर्नच्या कितीतरी कथा भा. रा. भागवतांनीं मराठी मुलांच्या हातीं दिल्या हें पालकांस स्मरत असेल.) इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स ह्याच्या १८९८ सालच्या कादंबरींत मंगळावरील रहिवासी तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून लंडनवर चाल करतात. पण महाकाय यंत्रमानवाचें खरें माहेरघर जपान होय. १९५६ सालीं मित्सुतेरु योकोयामा ह्यानें 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा सुरू केली आणि १९७९ सालीं 'गंडाम' ही चित्रमालिका दूरचित्रवाणीवर आली. गंडाम म्हणजे १८ मीटर उंचीचा यंत्रयोद्धा. कथाकारांनीं त्याचें वजन रिकाम्या स्थितींत ४३.४ टन व सर्व सामग्रीसह ६० टन असें ठरविलें आहे. मुलांपाशीं जें चित्र होतें तें २०१३ सालच्या 'पॅसिफिक रिम' ह्या अमेरिकन चित्रपटांतील. त्यांतील यंत्र ७९ मीटर उंच आणि १,९८० टन वजनाचें म्हणून सांगितलें जातें. आंकडे दिलेले आहेत ही आमच्या दृष्टीनें मोठीच सोय झाली. आंकडा दिला कीं त्याचा हिशेब तपासतां येतो.

हिशेबाकडे वळण्यापूर्वीं वर्गांत केलेला एक प्रयोग सांगतों. पोळ्याच्या सुमारास कुंभाराकडील मळलेली माती आणवून आम्हीं मुलांकडून दोन बैल करविले. पहिला बोटभर लांबीचा. दुसरा त्याच्या चौपट. पण अट अशी कीं, सर्व मापें बरोबर चौपटच हवींत. पाय चौपट लांब, चौपट जाड, पाठ चौपट रुंद. लहान बैल ऐटींत उभा राहिला. मोठा मात्र हातांतून सोडतांच गुडघ्यांत वांकला, पोट खालीं आलें आणि पहातां पहातां बसला. माती तीच, आकार तोच, करणारे हातहि तेच. मुलांनीं दुसऱ्यानें करून पाहिलें, तरी तेंच. बाजारांतील मोठ्या मातीच्या बैलाचे पाय खांबांसारखे कां असतात हें मग कोणास सांगावें लागलें नाहीं.

कारण साधें आहे. वस्तु चौपट उंच केली कीं तिच्या पायाच्या छेदाचें क्षेत्रफळ चार चोक सोळापट होतें. परंतु तिचें घनफळ, आणि म्हणून तिचें वजन, चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्टपट होतें. म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर पूर्वीच्या चौपट भार पडतो. दहापट उंचीचा राक्षस घेतला तर त्याचें वजन हजारपट, पायाचें क्षेत्रफळ शंभरपट, आणि हाडाच्या प्रत्येक कणावरील भार दहापट. हा नियम गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटल्या मोठ्या ग्रंथांत मांडला. त्या वेळीं तो वृद्ध झाला होता आणि स्वतःच्याच घरीं नजरकैदेंत होता. लहान कुत्रें आपल्याएवढीं दोन-तीन कुत्रीं पाठीवर नेऊं शकेल, परंतु घोड्यास आपल्याएवढा एक घोडाहि पेलणार नाहीं, असा दाखला त्यानें दिला. आणि राक्षसाचें हाड किती बेढब जाड करावें लागेल त्याची आकृतीहि काढून दाखविली.

पुढें १९२६ सालीं जे. बी. एस्. हाल्डेन ह्या शास्त्रज्ञानें योग्य आकाराविषयीं एक सुंदर निबंध लिहिला. बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' ग्रंथांतील राक्षसांचीं चित्रें त्यानें बाळपणीं पाहिलीं होतीं. तेच राक्षस उदाहरणास घेऊन त्यानें दाखविलें कीं, साठ फूट उंचीच्या अशा राक्षसाच्या मांडीचें हाड पहिल्याच पावलास मोडेल. ज्या ग्रंथाचें 'यात्रिक क्रमण' ह्या नांवानें मराठी रूपांतर १८४१ सालींच झालें होतें, त्यांतील राक्षस असा पदार्थविज्ञानाच्या पाठांत यावा ही मौजेची गोष्ट आहे. हाल्डेन स्वतः १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन राहिला, येथील नागरिक झाला आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला.

आतां त्या पोलादी योद्ध्याचा हिशेब. १.८ मीटर उंचीचा माणूस ७० किलोग्रॅम वजनाचा धरला, तर त्याच बांध्याचा १८ मीटर उंच माणूस ७० टनांचा होईल. माणसाची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. म्हणजे हें शरीर सुमारें ७० टन पाणी बाजूस सारील. गंडामचें वजन मात्र सर्व सामग्रीसह ६० टन. तेव्हां चिलखत, बंदूक, इंजिन सर्व कांहीं असूनहि हा योद्धा पाण्यावर तरंगेल! मुलांच्या चित्रांतील राक्षसाची गत तर याहून न्यारी. ७९ मीटर उंचीच्या माणसाचें वजन वरील रीतीनें सुमारें ५,९०० टन भरतें. चित्रपटांतील यंत्र त्याच्या एकतृतीयांश. तो समुद्राच्या तळावर पाय रोवून उभा राहूं शकत नाहीं. लांकडाच्या ओंडक्यासारखा तो आडवा होऊन पाण्यावर पडून राहील. लोखंडी जहाजहि तरंगतें ना, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण जहाज पोकळ असतें, आणि पोकळ डब्यानें कोणी मुष्टियुद्ध खेळत नाहीं. कथाकारांनीं वजन मुद्दाम कमी धरलें असावें असा आमचा तर्क आहे, कारण खरें वजन धरलें तर पायांचा प्रश्न उभा राहतो.

येथें आम्हांस आमचें त्या दिवशींचें उत्तर मागें घेतलें पाहिजे. 'उभेंच राहणार नाहीं' हें आमचें बोलणें चुकीचें होतें. चांगलें पोलाद हाडाहून कितीतरी अधिक ताण सोसतें. जरी तें हाडाच्या सुमारें चौपट जड असलें, तरी १८ मीटरांचा पोलादी पुतळा उभा करणें हें इंजिनियरांस मुळींच कठीण नाहीं. केवडिया येथील सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर उंच आहे व तो २०१८ पासून उभा आहे. परंतु उभें राहणें निराळें आणि चालणें निराळें. पुतळ्याच्या पायास सांधा नसतो. ऱ्होड्स बेटावर प्राचीन काळीं सूर्यदेवाचा सुमारें ३३ मीटरांचा कांशाचा पुतळा होता. तो भूकंपानें पडला तेव्हां गुडघ्यांतून मोडला असें स्ट्रॅबो ह्या भूगोलकारानें नमूद केलें आहे. आणि तो तर जागचा हलतहि नव्हता.

आतां डायनोसॉर. ज्या प्रचंड, लांब मानेच्या डायनोसॉरांचें वजन साठ-सत्तर टनांपर्यंत असावें असा अंदाज आहे, ते चार पायांवर चालत. आणि ते पाय हत्तीच्या पायांसारखे सरळ, खांबाप्रमाणें होते. मणक्यांत हवेच्या पोकळ्या असल्यामुळें पाठ व मान आकाराच्या मानानें हलकीं होतीं. हत्तीकडेच पाहा ना: पांच-सहा टनांचा हा प्राणी भराभर चालतो, परंतु उडी मारीत नाहीं, त्याचे चारी पाय एकदम जमीन सोडीत नाहींत. दोन पायांवर चालणाऱ्यांत सर्वांत जड असे जे प्राणी ठाऊक आहेत, त्यांपैकीं टिरॅनोसॉरस हा आठ-नऊ टनांचा असावा. तोहि माणसासारखा ताठ चालत नसे. धड आडवें, पुढें डोकें, मागें जड शेंपूट, आणि मध्यें पाय, अशी तराजूसारखी त्याची रचना होती. तेव्हां मुला, तुझी शंका रास्त होती. मोठें शरीर चालूं शकतें. पण तें माणसाच्या आकारांत चालत नाहीं.

असें कां, हें समजण्यासाठीं घरीं एक गोष्ट करून पाहा. एका दोऱ्यास खडा बांधून तो २५ सेंटिमीटरांवर टांगा आणि झोंका द्या. जाऊन येण्यास त्यास एक सेकंद लागेल. दोरा चौपट, म्हणजे एक मीटर करा; आतां दोन सेकंद लागतील. चालतांना आपला पाय असाच कमरेपासून लंबकासारखा झुलतो. दहापट लांबीच्या पायास झुलण्यास सुमारें सव्वातीनपट वेळ लागेल. माणूस सेकंदास दोन पाउलें टाकतो असें धरलें, तर १८ मीटरांचा राक्षस एका पावलास दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेईल. पाऊल सात मीटरांचें, म्हणून वेग ताशीं सोळा किलोमीटर, सायकलवाल्याएवढा. ह्याहून जलद चालवावयाचें तर पायास बळेंच झटका द्यावा लागतो, आणि सांध्यांवरील ताण भयंकर वाढतो. पहिला मोडेल तो घोटा. तालोसचें स्मरण झालेंच असेल.

चित्रपट काढणाऱ्यांस हा नियम फार वर्षांपासून ठाऊक आहे. १९५४ सालीं जपानांत 'गॉझिला' हा चित्रपट झाला. त्यांतील राक्षस म्हणजे जड वेष चढविलेला माणूसच होता. त्याचें चित्रण अधिक वेगानें घेऊन तें पडद्यावर सावकाश दाखविलें, म्हणजे पाऊल मंद पडून प्रेक्षकास तो प्रचंड भासे. कथालेखक नियम मोडतो तेथें छायाचित्रकार तोच निमूटपणें पाळतो!

चालकाची अवस्था काय होईल तीहि पाहा. चालतांना आपलें डोकें प्रत्येक पावलागणिक चार-पांच सेंटिमीटर वरखालीं होतें व आपणांस तें कळतहि नाहीं. राक्षसाच्या छातींत बसलेला माणूस दर पावलास जवळजवळ अर्धा मीटर वर जाईल व खालीं येईल. पहिल्या मैलांतच त्याचें जेवण बाहेर येईल. आणि राक्षस अडखळला तर? चौदा मीटर उंचीवरून खालीं येणारी वस्तु ताशीं साठ किलोमीटर वेगानें जमिनीवर आदळते. मूल पडतें, रडतें आणि पुन्हां धांवूं लागतें, कारण तें लहान असतें. राक्षसास पडण्याची चैन परवडत नाहीं. पडल्यावर उठणेंहि सोपें नाहीं: ६० टनांचें धड पांच सेकंदांत आठ मीटर वर उचलण्यास सुमारें १,२५० अश्वशक्ति लागते. एका जड रणगाड्याचें सगळें इंजिन नुसतें उठून उभें राहण्यांतच खर्ची पडावयाचें.

जमिनीविषयीं लांबण लावीत नाहीं. एका पायावर भार येतांच ह्या योद्ध्याच्या तळव्याखालीं दर चौरस सेंटिमीटरास तीन किलोग्रॅमांहून अधिक दाब पडेल. रणगाड्याचा दाब एक किलोग्रॅमच्या आसपास असतो, कारण त्याचें वजन लांब पट्ट्यांवर पसरलेलें असतें. आषाढांत काळ्या मातीच्या शेतांतून भरली बैलगाडी नेऊन पाहिलेल्या शेतकऱ्यास ह्यापुढें कांहीं समजावून सांगावयास नको. आणि युद्धांत उंची हा गुण नसून दोष आहे. सपाट मैदानांत अडीच मीटर उंचीचा रणगाडा साडेपांच किलोमीटरांपलीकडे क्षितिजाआड जातो. १८ मीटरांचा योद्धा पंधरा किलोमीटरांवरून दिसेल. शत्रूच्या तोफखान्यास याहून सोयीचें निशाण कोणतें?

इतकें असूनहि प्रयत्न झाले आहेत, आणि ते उपहासास्पद मुळींच नाहींत. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राल्फ मोशर नांवाच्या इंजिनियरानें १९६० नंतरच्या दशकांत सैन्यासाठीं चार पायांचें एक चालतें यंत्र बनविलें. उंची सुमारें ३.३ मीटर, वजन सुमारें १,४०० किलोग्रॅम. मध्यें माणूस बसे. त्याच्या हातांच्या हालचालींनीं यंत्राचे पुढले पाय आणि पायांच्या हालचालींनीं मागले पाय हालत. तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे माणसाचें बळ अनेक पटींनीं वाढवीत, आणि यंत्राच्या पायास अडथळा लागला कीं त्याचा अंश चालकाच्या हातास जाणवे. यंत्र खरोखर चाललें. परंतु चार पायांचें भान एकाच वेळीं ठेवतां ठेवतां चालक थोड्याच वेळांत थकून जाई, आणि सैन्यानें तें पुढें चालविलें नाहीं. त्याच कंपनीनें माणसानें अंगावर चढवावयाचा 'हार्डिमन' नांवाचा एक यांत्रिक सांगाडाहि करून पाहिला. सारें अंग एकदम चालू केलें कीं तो बेफाम झटके देई. शेवटीं त्याच्या एका हातापुरतेंच काम नीट साधलें, आणि १९७१ च्या सुमारास तो प्रयत्न सोडून देण्यांत आला.

जपानांतील हौशी कारागिरांनीं २०१२ सालीं 'कुरातास' हा चार मीटरांचा आणि एका कंपनीनें २०२३ सालीं 'आर्कॅक्स' हा साडेचार मीटरांचा यंत्रमानव बनविला. दोहोंतहि माणूस बसतो, दोहोंचे हात हालतात. पण पायांखालीं पाहावें तों चाकें! योकोहामा बंदरांत डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत खुद्द गंडामची १८ मीटरांची, सुमारें २५ टनांची हालणारी प्रतिकृति लोकांस पाहावयास मिळत होती. ती गुडघा वांकवी, पाऊल उचली, हात पुढें करी. परंतु तिचा सगळा भार कमरेस मागून जोडलेल्या एका भक्कम आधारानें पेललेला असे. तिला घडविणाऱ्या इंजिनियरांस हा आधार काढतां आला नाहीं, किंवा काढण्याचा मोह त्यांनीं टाळला, असें म्हणा. ते शहाणे होते.

मग हजारों टनांचें, खरोखर पाऊल टाकीत जाणारें यंत्र जगांत नाहींच काय? आहे, आणि आपल्या देशांतहि आहे. सिंगरौलीच्या कोळशाच्या खाणींत 'ड्रॅगलाइन' नांवाचीं खोदकामाचीं अवाढव्य यंत्रें आहेत. त्यांतील यंत्राचें धड एका मोठ्या वाटोळ्या तळावर बसलेलें असतें, जणूं जमिनीवर ठेवलेलें प्रचंड जातेंच. दोन्ही बाजूंस लांबरुंद पाउलें. जागा बदलावयाची झाली कीं तीं पाउलें खालीं टेकतात, धड किंचित् उचलून सुमारें दोन मीटर मागें सरकवितात आणि पुन्हां तळावर बसवितात. मग पाउलें उचलून पुढचा फेरा. एका तासांत मैलभरहि जाणें होत नाहीं. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत १९६९ ते १९९१ पर्यंत काम केलेलें असेंच एक यंत्र सुमारें बारा हजार टनांचें होतें. मुलांच्या चित्रांतील राक्षसाच्या सहापट! तेंहि आपल्या पायांनीं चाले. पण त्याला गुडघा नव्हता, डोकें नव्हतें, तोल सांभाळण्याची चिंता नव्हती, आणि तें कोणाच्याहि भिंतीवरील चित्रांत नव्हतें.

पालकांपैकीं कांहींजण आम्हांस विचारतात कीं, असल्या राक्षसांच्या कथा मुलांस वाचूं द्याव्या काय. आमचें मत असें कीं, वाचूं द्याव्या, आणि मग आंकडे घेऊन त्यांजबरोबर बसावें. शिवाय ह्या कथांत एक गोष्ट यंत्रशास्त्राहून खरी असते. वर उल्लेखिलेला 'तेत्सुजिन २८' हा कथेप्रमाणें महायुद्धाच्या अखेरीस जपानी सैन्यासाठीं घडविलेलें शस्त्र होय. त्याला बुद्धि नाहीं, इच्छा नाहीं. एक लहानशी नियंत्रणपेटी आहे. ती शोतारो नांवाच्या मुलाच्या हातीं असली कीं तो राक्षस शहर वांचवितो, आणि ती चोरानें पळविली कीं तोच राक्षस तेंच शहर तुडवितो. योकोयामा हा कोबे शहराचा. तें शहर १९४५ सालीं विमानांच्या बाँबवर्षावानें जळालें, तेव्हां तो अकरा वर्षांच्या आंतबाहेरचा होता. पेटी कोणाच्या हातीं आहे हा प्रश्न त्यानें चित्रकथेंत कां घातला, हें सांगावयास नको. आज लहानलहान विमानें चालकावांचून उडतात, आणि पेटी शेंकडों मैल दूर असते. राक्षस लहान झाला. प्रश्न तेवढाच राहिला आहे.

लेख पुरा होत आला तेव्हां आम्हीं त्या मागल्या बांकावरील मुलास बोलावून एक निराळें चित्र दाखविलें. जपानांतील एका रेल्वे कंपनीनें जुलै २०२४ पासून विजेच्या तारांखालील दुरुस्तीसाठीं एक यंत्र कामास लाविलें आहे. रुळांवर चालणारी एक मोटार, तिजवर एक लांब बाहु, आणि त्या बाहूच्या टोंकास माणसासारखें डोकें, खांदे व दोन जाड हात. हे हात बारा मीटर उंचीवर काम करतात आणि चाळीस किलोग्रॅमपर्यंत वजन पेलतात. चालक खालीं आपल्या खोलींत डोळ्यांवर यंत्र लावून बसतो. तो मान वळवील तिकडे वरचें डोकें वळतें, तो हात उचलील तसा वरचा हात उचलला जातो. पूर्वीं कामगारांस स्वतः वर चढून, पडण्याची व विजेचा धक्का बसण्याची भीति पतकरून हीं कामें करावीं लागत.

मुलानें चित्र बराच वेळ निरखलें. "ह्याला पाय नाहींत," तो म्हणाला. आम्ही म्हटलें, "नाहींत." मग थोडें थांबून त्यानें विचारलें, "वर जड वस्तु उचलली, तर खालच्या माणसाला हाताला जड लागतें काय?"

लागतें. वस्तूचा भार आणि तिचा धक्का चालकाच्या हातास जाणवावा अशी योजना त्या यंत्रांत केलेली आहे. मोशरनें आपल्या चार पायांच्या यंत्रांत साधूं पाहिलेली गोष्ट तीच. आम्हीं त्याला प्रयोगशाळेंतील दोन पिचकाऱ्या आणि हातभर रबरी नळी दिली. दोन्ही पिचकाऱ्यांत पाणी भरून त्या नळीनें जोडल्या, म्हणजे एकीचा दट्ट्या दाबतांच दुसरीचा वर उठतो, आणि त्यावर बोट ठेवून कोणीं अडविलें तर तें आपल्या बोटास कळतें. दोन पिचकाऱ्या तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीं आणखी चार मागावयास आला.